डाव्या भिंतीचा फिश टँक

९ जानेवारी

उठल्या उठल्या एकेकाची तब्येत विचारत फिरलो. तीच इथं टिपून ठेवतो.

ही : झोप बरी. काठीवर मोरीपर्यंत जाऊन आली. डावा हात अजून रिकाम्या पिशवीसारखा. ‘कशी हाइस?’ म्हणलं तर, ‘हाय तशी.’

मनीषा (सूनबाई) : पाठ धरलीय, बोलत नाही. ‘बाम लाव गं.’ ‘लावते आप्पा,’ आणि गेली पोळ्या लाटायला.

सचिन : रात्रपाळी करून कंपनीतून आला तो डोळे लाल. खोकला उतरलाय.

रेखा : रत्नागिरीहून फोन. सर्दी. जावईबापू मजेत.

मी : साखर मोजत नाही. मोजली की वाढते.

दिवाळीत हिला झटका आला, त्याला अडीच महिने झाले. बोलायला लागली, चालायला लागली, पण डावी बाजू म्हणून काही जगात आहे हेच तिला पटत नाही. ताटात उजवीकडचं तेवढं खाते. डावीकडची भाजी तशीच. वर म्हणते, ‘भाजी वाढली नाय का?’ मी ताट अर्धं फिरवतो, मग खाते. डावीकडून हाक मारली तर उजवीकडं बघून ओ देते. डोळे चांगले आहेत, डॉक्टरनं दोनदा तपासले. लक्षच तिकडं जात नाही म्हणे.

व्यायामाच्या मॅडम आल्या होत्या. मॅडम कसल्या, रेखापेक्षा लहान पोर. म्हणाल्या, ‘काका, डावीकडं काहीतरी हलणारं, रंगीत ठेवा. मान आपली आपण वळली पाहिजे. पहिले सहा महिने फार मोलाचे.’ हलणारं म्हणजे काय? ‘काहीजण फिश टँक ठेवतात.’

डोक्यात किडा शिरला. सहातले अडीच गेले.

११ जानेवारी

शहागंज. माझं मोटारी रिवायंडिंगचं दुकान होतं, तिथून तिसरा गाळा रफिकभाईचा. पक्षी, मासे, पिंजरे. दुकान सोडून दोन वर्षं झाली तरी अजून मिस्तरीच म्हणतो.

‘चार फुटी टँक पाहिजे.’

‘पहले कुछ पाले क्या मिस्तरी?’

‘बैल पाळलेत की. गावाकडं, कन्नडला.’

हसला. ‘बैल को पानी दिखाना पड़ता. यहाँ पानीच को पालना पड़ता. पानी पालो, मच्छी खुद पलती.’

मग विचारतो, मीठा के खारा? मला वाटलं मासे निवडायचे असतात. आधी पाणी निवडायचं असतं हे आज कळलं. गोडं महिन्याभरात तयार होतं. खाऱ्याला दोन-अडीच महिने, पाणी आरओचं, मीठ मापून, रोज जेवढं उडेल तेवढं रोज भरायचं. ‘और मई में अपने यहाँ की गर्मी. ठंडा करने की मशीन नहीं लगाये तो रस्सा बन जाता.’

‘आणि रंग?’

मोबाईलवर दाखवले. निळा असा की डोळ्यात घुसावा. पिवळा तर हळद ओतल्यासारखा. ‘रंग तो खारे में हैच. झूठ कायकू बोलूँ? पर नये आदमी को मैं देता नहीं.’

‘अरे, मला घाई आहे.’

‘जल्दी का काम शैतान का, मिस्तरी.’

त्याला हिचं सांगितलं. चहा मागवला. मग म्हणाला, भाभी को कौनसा भी दिखा तो बस है ना.

तेच तर. कौनसा दिसेल?

१२ जानेवारी

रेखाचं एकच. ‘आप्पा, खाऱ्याचाच घ्या. एकदाच घ्यायचा तर चांगला घ्या. आईचं लक्ष वेधायचं ना? मग ते शेवाळी मासे काय कामाचे?’

हिनं समुद्र एकदाच पाहिलाय, रेखाकडं. घोट्याएवढ्या पाण्यात पाच मिनिटं उभी होती. आम्हाला वाटलं, हरखली. तर म्हणते, ‘एवढं पाणी दारात, अन् एक तांब्या कामाचं नाय. काय जळायचंय.’ जावईबापू हसून हसून वाळूत बसले.

तरी तिनं तेव्हा डोळे भरून पाहिलं होतं. मी पाहिलंय. डावी-उजवी, सगळीकडं पाहिलं होतं.

म्हणून खारं? की महिन्यात होतं म्हणून गोडं? दिवसभर खाली बस, वर उठ चाललंय. मनीषा म्हणाली, ‘आप्पा, तुम्ही बसा, नाहीतर मला चक्कर येईल.’

१५ जानेवारी

वहीच्या मागं दोन रकाने पाडले. गो. आणि खा. असं लिहितो.

गो. : महिना. नळाचं पाणी एक दिवस ठेवून चालतं. चूक केली तर मासे माफ करतात (रफिकभाईचा शब्द). रंग बेताचा.

खा. : रंग! पण अडीच महिने. म्हणजे एप्रिलात मासे, आणि एप्रिलात मॅडमचे सहा महिने संपले. एक चूक, सगळे गेले. वर उन्हाळा. वर लाईट जाते.

रकाने भरले म्हणून मन भरत नाही.

मॅडमनं आज नारिंगी ओढणी समोरून हळूहळू डावीकडं नेली. हिची नजर नाकाच्या शेंड्यापर्यंत आली. ओढणी पुढं गेली, नजर तिथंच राहिली. मॅडम म्हणाल्या, ‘काकू, शोधा बरं कुठं गेली.’ ही म्हणाली, ‘गेली असंल तिच्या घरी.’

सगळे हसले. मी अंगणात गेलो.

१८ जानेवारी

नळ आला, आठव्या दिवशी. मुकुंदवाडीत नळ म्हणजे सण. पिंपं, बादल्या, कळश्या, पातेली. पहिलं पाणी नेहमीसारखं गढूळ. पिंपात तुरटी फिरवायची, सकाळपर्यंत गाळ खाली. आमच्याकडं हे काम हिचं. तीस वर्षं हिचं. तुरटीचा खडा तिच्याशिवाय कुणी हातात घेतला तर ‘किती फिरवायची ते कळतं का?’ आता मनीषा फिरवते. आणि ही खुर्चीवर बसून समोर टीव्ही बघते.

शेजारच्या जोशीकाकूंनी टँकचं ऐकलंय. गच्चीवरून म्हणाल्या, ‘आप्पासाहेब, माणसाला प्यायला नाही आणि माशांना हौद?’ म्हणलं, ‘काकू, मासे पीत नाहीत, नुसते राहतात.’ बोललो खरं, पण लागलं. अडीचशे लिटर म्हणजे थोडं नाही.

२१ जानेवारी

ठरवलं. गो.

कारण रंग नाही, दिवस. वाट बघत बसायला वेळ नाही. रेखाला अजून सांगितलं नाही.

अँगलचं स्टँड वेल्डिंग करून आणलं. डाव्या भिंतीला लावलं, हिच्या खुर्चीपासून चार हात. लेव्हल बघितली तीनदा.

२४ जानेवारी

टँक आला. सचिन, मी, रफिकभाईची दोन माणसं. भरला. रिकामी काच आणि पाणी. ही समोर बघत होती. ‘काय आणलंय गं इकडं, बघ की,’ म्हणलं. तिनं उजवीकडं वळून मनीषाला विचारलं, ‘काय म्हणतेत हे?’

टँकच्या पलीकडं कोपऱ्यात वेगळं पिंप ठेवलं, पाणी बदलायला. रफिकभाईनं बजावलंय, यात नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवायचं, बाकी काही घालायचं नाही. तुरटी तर अजिबात नाही, मासे तडफडून मरतात. मनीषाला सांगितलं. सचिनला सांगितलं. दूधवाल्यालासुद्धा सांगितलं, उगाच.

२ फेब्रुवारी

पाणी मुरायला थांबलोय. लोणचं मुरतं तसं पाणी मुरतं, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. रफिकभाईनं त्याच्या टँकमधला मळका स्पंज दिलाय, माझ्या फिल्टरमध्ये घालायला. ‘ये दही का जामन है.’ विरजण! हे मात्र लगेच कळलं. चांगले जंतू त्यातून इकडं येतात, मग माशांची घाण ते खातात.

रोज काचेला नाक लावून बघतो. काय बघतो? पाणी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

१० फेब्रुवारी

रेखाला कळलं (मनीषा बोलली). रुसली. ‘मला विचारता कशाला मग?’

तेही खरं.

पाणी दोनदा तपासलं, बाटलीत थेंब टाकून. हिरवट झालं म्हणजे अजून कच्चं. रफिकभाई : और आठ दिन.

हिचं ताट आजही अर्धंच.

१९ फेब्रुवारी

मासे आले. सहा गोल्डफिश, बोटभर, भडक नारिंगी. पिशवी आधी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवली, मग सोडले. पहिलं एक मिनिट सहाही एका कोपऱ्यात, बाजारात चुकलेल्या पोरांसारखे. मग फिरायला लागले. घर उजळलं की! सचिन न झोपता बसला. जोशीकाकू आल्या, ‘छान आहेत हो’ म्हणाल्या, पंधरा मिनिटं हलल्या नाहीत.

हिनं बघितलं नाही.

२३ फेब्रुवारी

नाही.

टँकचा लाईट लावला. नाही. टीव्ही बंद ठेवला, ती बंद टीव्हीकडं बघत बसली. खुर्ची थोडी डावीकडं वळवली, तर मान उजवीकडं नेऊन हिशेब सारखा केला. मी टँकपाशी उभा राहून हाक मारली. तिनं दाराकडं बघून विचारलं, ‘कुठं गेले हे?’

मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो.

२६ फेब्रुवारी

रेखा : ‘म्हणलं नव्हतं मी? नारिंगी रंग तर मॅडमच्या ओढणीचापण होता.’

शहागंजला गेलो. म्हणलं, हाच टँक खाऱ्याचा करायला काय काय लागेल? रफिकभाईनं हातातला पिंजरा खाली ठेवला. ‘मिस्तरी, मच्छी को कितने दिन हुए?’ सात. ‘सात दिन में आदमी पड़ोसी को नहीं पहचानता.’

तरी मिठाची पिशवी मागून घेतली. हे साधं मीठ नाही, समुद्राच्या पाण्याचं वेगळं येतं. देईना, मी हटून बसलो. दिली, पण वर म्हणाला, ‘बैठक में नक्को, नजर के सामने रही तो हाथ खुजाता.’ घरी आणून कपाटावर टाकली. हात खाजवतोच आहे.

सहा मासे कुणाला द्यायचे? आजपासून धरलं तरी मे उजाडतो. आणि मेमध्ये रस्सा.

शेळीचं शेपूट झालंय माझं. ना माशा हाकता येतात, ना लाज झाकता येते.

१ मार्च

नळ आला. नेहमीचा गोंधळ. मनीषा वर गच्चीच्या टाकीवर, मी गल्लीत, आमच्या मोटारीनं हवा धरली होती. माशांचं पिंप पहिल्या पाण्यानंच भरलं, चहासारखं गढूळ. उद्या अर्धं पाणी बदलायचं, टँकला वास मारतोय.

ही खुर्चीवर. टीव्ही.

२ मार्च

आधी नीट लिहितो, मग काय ते.

सकाळी पिंपाचं झाकण काढलं तर पाणी नितळ. तळाला बोटभर गाळ, वर आरसा. मनात म्हणलं, वा, यावेळी लवकर निवळलं. गाळ न हलवता नळीनं टँकमध्ये अर्धं पाणी बदललं. दहा वाजता. साडेअकराला मासे वर तोंड करून धापा टाकायला लागले. एक आडवा झाला. मग दुसरा.

रफिकभाईला फोन. ‘पानी में क्या डाले?’

‘काही नाही!’

‘गंदला पानी एक रात में साफ कैसा हुआ फिर?’

तुरटी.

मी मनीषावर ओरडलो. चार महिन्यांत तिनं एकदा आवाज चढवला नाही, आणि मी ओरडलो. ‘हज्जारदा सांगितलं होतं तुला!’ ती लाटणं हातात घेऊन बाहेर आली. ‘आप्पा, शप्पथ, मी त्या पिंपाला हातसुद्धा लावला नाय.’ डोळ्यात पाणी.

तेवढ्यात खुर्चीवरून, ‘पोरीला कशाला बोलता? मी फिरवली.’

कुणालाच कळेना.

‘काय फिरवली?’

‘तुरटी. पिंप गढूळ हुतं, झाकण बी नव्हतं. कुणाचं ध्यान हाय का घरात?’

खडा स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो. तो तिनं कमरेला खोचला, उजव्या हातात काठी घेतली, खोली पार केली, टँकला वळसा घालून कोपऱ्यात गेली, काठी भिंतीला टेकवली, फिरवली, झाकण घातलं आणि परत येऊन बसली. सहा महिन्यांत कुणी न सांगता केलेलं तिचं पहिलं काम. सहा कसले, चार.

चार मासे गेले. दोन बादलीत आहेत, घरातल्या पिण्याच्या पाण्यातही तुरटीच, म्हणून जोशीकाकूंकडून बिनतुरटीचं दोन कळशी आणलं. त्यांनी टोमणा मारला नाही.

हिला सांगितलं नव्हतं. दूधवाल्याला सांगितलं, हिला नाही. हिला सांगायचं असतं हे कुणाच्या मनातच आलं नाही.

३ मार्च

मनीषासाठी गरम इमरती आणली. म्हणलं, ‘चुकलो गं.’ ती म्हणाली, ‘अर्धी तुमची, अर्धी माझी. साखर मोजा आधी.’ मोजली. वाढलीच आहे.

मॅडमना सगळं सांगितलं. माशांकडं त्यांचं लक्षच नाही. ‘पिंप गढूळ आहे हे काकूंना कुठून दिसलं? खुर्चीवरून?’ खुर्चीवरून ते पिंप डावीकडं, टँकच्याही पलीकडं. मॅडमनी तिलाच विचारलं.

‘दिसलं,’ ही म्हणाली.

‘बसल्या बसल्या की चालताना?’

‘दिसलं म्हणलं ना. गढूळ पाणी दिसत नाय व्हय?’

मॅडम हळूच मला म्हणाल्या, चालताना समोर आलं असेल तर ते वेगळं. एकदा झालं म्हणून धरून चालू नका. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. असेल. पण खडा तर फळीवर होता. खडा घ्यायच्या आधी पिंप दिसल्याशिवाय खडा कुणी घेतं का?

४ मार्च

तिच्याशेजारी बसून टँकचं सगळं सांगितलं. कशासाठी आणला, मॅडम काय म्हणाल्या, गोडं काय, खारं काय, रेखाचं म्हणणं, कपाटावरची पिशवी. पूर्ण ऐकलं.

‘मला कुणी इचारलं हुतं का?’

‘आता विचारतोय. गोडं की खारं?’

जराही थांबली नाही. ‘गोडंच ऱ्हाऊ द्या. उद्या नळ नाय आला तर भांड्याला तरी होईल.’

दोन महिने मी वहीत रकाने पाडतोय.

‘आणि मासे?’ म्हणलं.

‘मेले का हो माझ्यामुळं?’

‘दोन आहेत.’

‘कुठं?’

‘तुझ्या डाव्या हाताला.’

समोर बघत राहिली. मग म्हणाली, ‘असतील.’

६ मार्च

मला चैन कुठलं. एका बादलीत मूठभर माती कालवली आणि तिच्या डावीकडं ठेवली. मनीषा कमरेवर हात ठेवून उभी. ‘आप्पा, घरात चिखल आणायचा तेवढा ऱ्हायला हुता.’ ही वळली नाही. उजवीकडं दोन थेंब सांडले होते, ते मात्र दिसले. ‘हे कुणी सांडलं?’

बादली ओतून दिली. खोट्या कामाला ती फसत नाही.

दोन्ही मासे टँकमध्ये परत सोडले. खातायत.

८ मार्च

मिठाची पिशवी रफिकभाईला परत. ‘क्या फैसला हुआ?’ म्हणलं, घरवालीनं केला. तिचं भांड्यांचं कारण सांगितलं. ‘दुकान पे बिठाओ उनको,’ म्हणाला. आणखी मासे देत होता. म्हणलं, थांब. आधी बघू दे, तिला काय बघायचंय.

ताट आज पूर्ण वाढलं, फिरवलं नाही. डावीकडं वांग्याची भाजी. शेवटच्या घासाला हात भाजीच्या कडेपर्यंत गेला आणि माघारी आला. गेला होता, एवढं लिहून ठेवतो. मीठ कमी होतं म्हणून गेला की नुसता गेला, माहीत नाही.

९ मार्च

रेखाला चिठ्ठी लिहिली. फोनवर तिच्या-माझ्यात भांडण होतं. मनीषा फोटो काढून पाठवणार आहे. इथं उतरवून ठेवतो :

चि. रेखास,

तुझी सर्दी गेली असेल. खाऱ्याचं मनावर घेऊ नको. तुझं रंगाचं म्हणणं चुकीचं नव्हतं, पण तुझी आई रंगाला वळत नाही, कामाला वळते, असं मला वाटायला लागलंय. वाटायला लागलंय एवढंच. मॅडम हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. त्यांच्या हिशेबानं दोन महिनेही उरले नाहीत.

आईला पुन्हा तिच्या ओट्यापाशी नेऊन बघायचंय, म्हणून तुला एकच विचारतो. आईचा ओटा कसा होता? मीठ कुठल्या हाताला, डाळीचे डबे कुठल्या हाताला, पोळ्यांचा डबा, उलथनं, विळी? डावीकडं वळून ती कशाकशाला हात घालायची? मनीषानं आता तिच्या सोयीनं लावलाय आणि ते बरोबरच आहे, तिला राबायचंय. पण ती म्हणते, आप्पा, सांगा, मी जसा होता तसा लावते. आणि मला सांगता येईना. तीस वर्षं तिथं बसून जेवलो, ताटातून मान वर केली नाही. सचिनला विचारलं, तो म्हणतो, आई हाक मारली की देत होती. तू तिच्याजवळ उभी राहून शिकलीस, तुलाच ठाऊक असणार.

आईला विचारायचं नाही असं नाही, विचारलं. ती म्हणते, ‘जिथल्या तिथं.’

क्रम नको, अक्षर नको, जसं आठवेल तसं कागदावर काढ. चित्र काढलंस तरी चालेल. मनीषा डबे रिकामे करून बसलीय. आजच लिही. निदान डावी बाजू तरी आज पाठव.

— आप्पा